पाचवा खेळाडू आला आणि ग्रुप चेक फसला

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा डाइस टाकून खेळायचा कथेचा खेळ चालवणाऱ्या नवीन डीएम मंडळींनो, डीसी (पास व्हायला गाठायचा आकडा) 10 सोपा, 15 मध्यम, 20 अवघड हा तक्ता तुम्हाला पाठच असेल. मी जिथे अडकलो तेवढंच सांगतो.

आमचा चौघांचा खेळ मस्त चालला होता. मग एक मित्र पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्ध्याचं पात्र, घेऊन आला, अंगात चेन मेल, म्हणजे गुपचूप चालताना आड येणारं जड चिलखत. पहिल्याच दिवशी गॉब्लिनांच्या तळाशेजारून गुपचूप जायचं होतं. डीसी नेहमीचाच, 15. प्रत्येकानं वीस बाजूंचा डाइस टाकून त्यात आपल्या पात्राचा बोनस मिळवला. बेरजा आल्या 22, 16, 11, 9 आणि त्याची 6. सगळे पकडले गेले. निघताना तो हळूच म्हणाला, "माझ्यामुळे झालं ना?" ते मला अजून लागतं, कारण चूक माझी होती.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, 2014 च्या प्लेयर्स हँडबुकात, ग्रुप चेकचा, म्हणजे सगळ्या गटानं एकत्र करायच्या रोलचा, नियम आहे: किमान निम्मे पास, तर सगळा गट पास. चौघांचे निम्मे दोन. पाचांचे अडीच, म्हणजे तीन लागतात. आदल्या आठवड्यात दोन पास पुरले असते, त्या दिवशी पुरले नाहीत.

हे नीट बघा. समजा प्रत्येकाचा बोनस +2. डीसी 15 साठी डाइसवर 13 तरी हवेत, म्हणजे एकेकाला 40 टक्के संधी. चौघांचा गट 52 टक्के वेळा पार पडतो. पाचांचा फक्त 32. सहावा आला की पुन्हा 46, कारण सहाचे निम्मेही तीनच. तिघांचा गट 35 वर अडकतो. म्हणजे घोळ माणसं वाढल्याचा नाही, विषम आकड्याचा आहे. एकदा स्वतः कागदावर मांडा, माझ्यावर विसंबू नका.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. तिघं किंवा पाच जण असतील तर डीसी 13 ठेवा. एकेकाला 50 टक्के आणि गटालाही 50.

पण आकडा रोलच्या आधी ठरवा! एका जुन्या डीएमनं मला सांगितलं होतं, "पडद्याआड बदलून टाक, कोणाला कळतंय." मला हे अजिबात पटत नाही. डाइस पडल्यावर डीसी हलवलात, तर खेळाडूंनी रोल करायचाच कशाला?

आणि नापास म्हणजे लगेच लढाई नव्हे. दोन गॉब्लिन मशाल घेऊन खुडबुड बघायला आले, एवढंही पुरतं.

त्या मित्राला मी हा सगळा हिशेब दाखवला. आता तळ दिसला की चिलखत उतरवायला तो पाच मिनिटं मागतो, आणि बाकीचे चौघं झाडाआड थांबतात.