एक्झॉस्टचा गॅस्केट: ओळखायचा कसा, बदलायचा कसा

सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखालून टिकटिक आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत विरतो? एक्झॉस्टचा गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि धुराच्या नळ्यांमधल्या सांध्यातली सील-पट्टी, फाटला असणार. तापलेलं लोखंड फुगून फट बुजवतं, म्हणून आवाज विरतो. मॅनिफोल्ड (धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा जोड) आणि हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) सांध्यावर काजळीचा काळा ओघळ दिसला की शंका उरत नाही. या फटीतून हवा आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो आणि पेट्रोल जास्त जातं. केबिनमध्ये धुराचा वास आला तर काम टाळू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

पुण्याहून हायवेने आलेल्या गाडीला लगेच हात लावू नका. सोलापूरच्या मे महिन्यात तर रात्रभर थांबा. त्याच रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खरी कटकट इथेच आहे: गंजलेला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) जोर लावला की तुटतो, मग ड्रिल आणि लेथवाल्याच्या फेऱ्या. नट अडला तर थोडा घट्ट, थोडा सैल, असा खेळवत काढा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि हीट शील्ड काढा. मॅनिफोल्ड सुटल्यावर जुना गॅस्केट खरवडा. त्याआधी हेडच्या पोर्टमध्ये (धूर बाहेर येतो त्या भोकांत) चिंधी कोंबा, नंतर आठवणीने काढा. स्टीलची पट्टी आडवी धरून मॅनिफोल्ड वाकलाय का बघा. वाकला असेल तर आधी फेसिंग (मशीनवर तोंड सपाट करणं), नाहीतर नवा गॅस्केटही फुंकेल.

नवा कोरडाच बसवा, सिलिकॉन नको. नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एम-८ (८ मिमी आट्याच्या) नटला साधारण २०-२५ न्यूटन-मीटर. आकडा मात्र मॅन्युअलमधलाच धरा.