कोळंबीच्या रक्तातला क्षारांचा तोल: व्हॅनामेई वाढवताना या चुका टाळा

चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते बघायला तलावात सोडलेली जाळीची ताटली) वर काढला की व्हॅनामेई, म्हणजे तलावात वाढवली जाणारी पांढरी कोळंबी, नीट बघा. शेपटी पोटाखाली वळून तशीच आखडलेली असेल आणि अंगाचा पारदर्शकपणा जाऊन मांस दुधट दिसत असेल, तर बहुतेक जण थेट औषधाच्या मागे लागतात. रोगासाठी पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी कराच, पण त्याच दिवशी पाण्यातलं पोटॅशियमही मोजून घ्या. बोअरच्या मचूळ पाण्यावरच्या तलावांत दुखणं अनेकदा तिथेच असतं. हरियाणातल्या खारपाण पट्ट्यात हाच अनुभव आला. मुंबईच्या सीआयएफईचं (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं) रोहतकजवळच्या लाहलीचं केंद्र अशाच पाण्यावर काम करतं.

व्हॅनामेईचं रक्त साधारण 25 पीपीटी (लिटरमागे सुमारे 25 ग्रॅम क्षार) पाण्याइतकं खारट असतं. तलाव 5 पीपीटीचा असला की रक्तातले क्षार सतत बाहेर झिरपतात. ते परत आत ओढायला कल्ल्यांमधला सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालावा लागतो, आणि पोटॅशियमशिवाय तो चालत नाही. तो मंदावला की वाढ खुंटते, स्नायू आखडतात, कात टाकताना मर होते.

म्हणून नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) विसंबू नका. तो एकूण खारेपणा सांगतो, कुठला क्षार किती हे नाही. समुद्राच्या प्रमाणात पाहिलं तर दर पीपीटीमागे पोटॅशियम सुमारे 10.7 आणि मॅग्नेशियम 39 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. म्हणजे 5 पीपीटीला अनुक्रमे 53 आणि 195. बोअरच्या पाण्यात पोटॅशियम याच्या कितीतरी खाली असू शकतं.

खारेपणा वाढवायला साधं मीठ ओतणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याने सोडियम वाढतं आणि सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण (समुद्रात सुमारे 28:1) आणखी बिघडतं. त्याऐवजी म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड खत) वापरा. एक मीटर खोल, एक एकर तलावात पोटॅशियम लिटरमागे 10 मिलिग्रॅमने वाढवायला ते सुमारे 80 किलो लागतं. ते विरघळवून, हप्त्याहप्त्याने द्या. तळाचा गाळ पोटॅशियम शोषून घेतो, त्यामुळे एकदा टाकून निर्धास्त होऊ नका, पुन्हा मोजा.

बीज हॅचरीच्या खाऱ्या पाण्यातून आणून लगेच सोडू नका. फार लहान पीएलचे (पोस्ट लार्व्हा, म्हणजे कोळंबीच्या पिल्लांचे) कल्ले अजून पूर्ण तयार झालेले नसतात. खारेपणा टप्प्याटप्प्याने उतरवा.

मोठा पाऊस झाला की गोडं पाणी वर तरंगतं. ते वरूनच काढून टाका, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा आणि क्षार पुन्हा तपासा.