कासव सापडलं? पाण्यात टाकण्याआधी पाय बघा : या चुका टाळा

जून लागला की फोन सुरू होतात. "सोसायटीच्या आवारात कासव आलंय, बादलीत पाणी भरून त्यात ठेवलंय. आता कुठे सोडायचं?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : पाय कसे आहेत? समोरच्याला तो चमत्कारिक वाटतो. पण जगात कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि आपण सगळ्यांना एकच औषध देतो : पाणी.

बोटांमध्ये पडदा दिसला तर ते गोड्या पाण्यातलं. पाय हत्तीच्या पायांसारखे खांबट आणि पडदा अजिबात नाही, तर ते जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही, भरलेल्या बादलीत ते चक्क बुडून मरतं. बोटं सुटी दिसतच नाहीत, नुसते चपटे फ्लिपर आहेत, तर ते समुद्री. एवढं कळलं की निम्म्या चुका टळतात.

रस्त्यावर आलेलं कासव 'वाचवणं'

पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर दिसणारं कासव बरेचदा झडपांचं असतं. त्याच्या पोटाकडे, मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत ओढले की त्या वर बंद होतात आणि पाय होते की नव्हते असं वाटतं. तळं आटलं की हे कासव चिखलात पुरून घेतं आणि पाऊस पडला की दुसऱ्या पाण्याकडे चालत निघतं. म्हणजे ते वाट चुकलेलं नसतं. ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवा आणि निघा. लांबच्या धरणात नेऊन सोडणं किंवा देवळाच्या विहिरीत टाकणं, दोन्ही नको. विहिरीला उभे काठ. ऊन खायला ते वर येणार कुठून?

उचलताना कडेला, मधोमध धरू नका. मऊ पाठीच्या कासवांची मान वाटते त्यापेक्षा खूप लांब असते, ती मागे वळून चावतात आणि चावा साधासुधा नसतो. पाठीच्या मागच्या टोकाला, दोन्ही हातांनी, जमिनीलगत धरा. शेपटीला धरून लोंबकळवणं तर नकोच.

फुटलेल्या पाठीला फेविक्विक

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त चालतो. कवच हे कासवाने घातलेलं घर नव्हे. बरगड्या आणि कणा त्यातच जोडलेले असतात. हाड जिवंत असतं, त्यात रक्त असतं, संवेदना असते. भेगेवर गोंद किंवा एम-सील लावलं की घाण आत कोंडते आणि वरून सगळं छान दिसतं. दोरी बांधायला कडेला भोक पाडणारे याच जातकुळीतले. गाडीखाली आलेलं कासव हवा खेळेल अशा कोरड्या खोक्यात, स्वच्छ कापडावर ठेवा. पाण्यात नको, दूध-पाव नको. वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ लावा.

चांदण्यांचं कासव : 'लकी' म्हणून घरात, मग जंगलात

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव जमिनीवरचं. भारतात त्याची मुख्य वस्ती गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात आणि दक्षिणेत आंध्र, तमिळनाडूकडे. ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कायदा कळल्यावर घाबरून सह्याद्रीच्या ओल्या जंगलात सोडून येणं ही दुसरी चूक. वनविभागाकडे द्या.

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातलं हिरवं पिल्लू

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे रेड-इअर्ड स्लायडर मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याकडचं. विकत घेताना रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असतं, पुढे फुटभर होऊ शकतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. दुकानदार यातलं काही सांगत नाही, हे माझ्या मते फसवणुकीच्याच जवळ जातं.

घरात आधीच असेल तर लक्षणं ओळखा. डोळे सुजून मिटलेत? नुसती वाळलेली कोळंबी घातल्याने अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं. पाठ मऊ पडतेय? कॅल्शियम आणि यूव्ही-बी किरण मिळत नाहीयेत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, काच ते किरण अडवते. पोहताना एका कुशीवर कलतंय, तोंडाशी बुडबुडे येतायत? हा न्यूमोनिया असू शकतो. घरगुती उपाय न करता प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. टाकीत पूर्ण कोरडं होता येईल असा दगड हवाच. टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा : कासवांच्या अंगावरून माणसाला लागणाऱ्या साल्मोनेला जिवाणूमुळे अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत याचं नाव आहे. ऊन खायच्या जागा आणि खाणं ते देशी कासवांकडून हिसकावतं.

समुद्रकिनाऱ्यावरचा उत्साह

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी राखली जातायत आणि आता हंगामात गर्दी असते. मादी मागच्या फ्लिपरनी आळीपाळीने वाळू उपसते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि अंगाने वाळू थोपटून बसवते. त्या वेळी तोंडावर टॉर्च मारला तर काम सोडून परतही जाते.

घरटं तुम्हाला सापडलं तर अंडी उचलू नका. घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. अंडं फिरलं की तो मरू शकतो. गावातल्या कासवमित्राला बोलवा. पिल्लांना उचलून थेट पाण्यात ठेवू नका, आणि "सकाळी सोडू" म्हणून बादलीत तर मुळीच नको. पोटातल्या बलकाच्या जोरावर खोल पाण्यापर्यंत जायचं असतं. तो जोर बादलीत हातपाय मारण्यातच संपतो.

पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेलं मोठं कासव ढकलून परत समुद्रात घालणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जाळ्यात सापडून जखमी झालेलं, दमलेलं कासव बुडी मारू शकत नाही आणि श्वासासाठी डोकं वर काढायलाही त्याच्यात त्राण नसतं. त्याला सावलीत ओढा, पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. उलटं करू नका. कुत्रे आणि सेल्फीवाले लांब ठेवा. १९२६ वर सांगताना गाव, किनारा आणि अंगावर जाळं आहे का हे आधी सांगा. जाळं मांसात रुतलेलं असेल तर ओढून काढू नका. मोकळी टोकं कापा, उरलेलं डॉक्टर काढतील. डहाणूला समुद्री कासवांसाठी खास उपचार केंद्र आहे.