जंगल वाचवायचं तर आधी गट नंबर शोधा

झाडांवर करवत चालू झाली की मोबाइल वाजू लागतात. फोटो फिरतात, कुणी पत्रकाराला गाठतं, कुणी वकिलाला. तोवर परवानगीवर सही होऊन बरेच दिवस उलटलेले असतात. मुंबईच्या आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवायला सांगितलं, तेव्हा परवानगी मिळालेल्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ पडलेली होती. तिथले लोक जागरूक होते, त्यांच्याकडे वकील होते, तरी ही गत. मोर्चा काढू नका असं माझं म्हणणं नाही. पण कचेरीला घोषणा ऐकू येत नाहीत. तिला गट नंबर, मुदत आणि आवक शिक्का एवढंच कळतं. म्हणून खालची कामं मोर्चाच्या आधी करायची.

जमीन कोणाची ते काढा

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहा, शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड. भोगवटादाराच्या रकान्यात कोण आहे, इतर अधिकारात वनाचा काही शेरा आहे का, ते वाचा. कोणता कायदा लागतो हे यावरून ठरतं. शहरातल्या झाडाला राज्याचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो. वनजमिनीवर खाण, रस्ता, प्रकल्प येत असेल तर १९८० च्या कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. शहराबाहेर खाजगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे.

सातबाऱ्यावर ‘वन’ लिहिलेलं नाही, म्हणून हात टेकू नका. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला १९८० चा कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीने ही कक्षा आवळली, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तूर्त जुनाच अर्थ धरायला लावला. विदर्भातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलही (नोंदीत ‘झुडपी’ लिहिलेली खुरट्या झुडपांची जमीन) वनजमीनच धरलं गेलं आहे. कुणी ‘ही तर पडीक जमीन’ म्हणालं तर हा निकाल पुढे करा.

शहरातलं झाड असेल तर

पालिकेला तोडीच्या अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. हरकतीला मिळतात ७ दिवस. नोटिशीचा फोटो पहिल्याच दिवशी काढा, कारण ती पावसाने किंवा कुणाच्या कृपेने नाहीशी होऊ शकते.

हरकत लिहिताना निबंध नको. झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, घरटं असल्यास तारखेसह फोटो, आणि झाड न तोडता काम कसं होईल याचं एखादं ढोबळ रेखाटन एवढं द्या. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षात मोडतं, तेव्हा वयाचा पुरावा शोधा. जुने फोटो, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन, काहीही चालवून पाहा. पाचशे जणांनी एकच छापील मजकूर पाठवला, तर वाचणारा एकच वाचतो. वेगवेगळ्या मुद्द्यांची दहा पत्रं त्यापेक्षा जड पडतात. प्रत्येक पत्राच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

जनसुनावणीला जाताना

मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं. किमान ३० दिवस आधी नोटीस हवी. पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, सारांश मराठीतही असतो. मूळ अहवाल चाळा. त्यातली पक्ष्या-प्राण्यांची यादी काढून गावातल्या गुराख्याला वाचून दाखवा. कोणता प्राणी यादीत नाही आणि कोणता ओढा नकाशावर नाही, हे तो तिथल्या तिथे सांगेल. अहवालातली अशी चूक पुराव्यासह मांडली की तिला उत्तर द्यावंच लागतं. ‘आम्हाला विकास नको’ हे वाक्य मात्र इतिवृत्तात एका ओळीत संपतं.

बहुतेक लोक आपलं बोलून झालं की घरी जातात. तसं करू नका. कामकाजाचं निवेदन शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि चित्रीकरणही व्हायचं असतं. आपला मुद्दा गाळला असेल तर तेव्हाच उठून सांगा, आणि लेखी हरकत वेगळी द्याच. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, पोच त्याच टेबलावर मिळते.

गाव जंगलालगत असेल तर

तुमच्या हातात सगळ्यात भक्कम हत्यार आहे ते २००६ च्या वनहक्क कायद्याचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने त्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. तिच्यामागे गावाने अनेक वर्षं घेतलेल्या बैठका होत्या, हे विसरलं जातं.

ग्रामसभा बोलवा, १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडा, तीत एक-तृतीयांश बायका हव्यात. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि तिथेच बरेच दावे अडखळतात, तेव्हा पेरणी-कापणीच्या दिवसांत सभा ठेवू नका. दाव्याला किमान दोन प्रकारचे पुरावे जोडा: निस्तारपत्रक (जंगल-चराई वापरण्याच्या गावाच्या हक्कांची सरकारी नोंद), जुना नकाशा, वडीलधाऱ्यांचे जबाब. हद्दीची पाहणी करताना शेजारच्या गावालाही बोलवा, नाहीतर पुढे भांडण तेच काढतील. दावा मंजूर झाला की कायद्याच्या कलम ५ खाली जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा. वाटेवरची दारूपार्टी आणि तिच्या बाटल्या थांबवायलाही मग तो उपयोगी पडतो.

प्लास्टिक उचला, पण मोजून

गडावरून पोती भरून कचरा आणला की फोटो छान येतो. पुढच्या रविवारी तितकाच कचरा पुन्हा असतो. मोहिमेआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची परवानगी घ्या आणि पोती पायथ्याला आल्यावर कोण उचलणार ते आधी ठरवा. नाहीतर ती पायथ्यालाच फाटतात.

खाली आल्यावर कचरा ताडपत्रीवर पसरा आणि कंपनीवार मोजा. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. अमुक कंपनीची एवढी पाकिटं, तमुक दिवशी, तमुक ठिकाणी, असा तक्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि थेट कंपनीला पाठवा. गुटख्याच्या पुड्या वेगळ्या काढा. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि गुटखा-तंबाखू प्लास्टिकच्या पुडीत विकायला २०१६ च्या नियमांचीही मनाई आहे. एकाच पुडीत दोन गुन्हे, म्हणून ती तक्रार अन्न व औषध प्रशासनालाही करता येते.

पायथ्याच्या दुकानदाराशी आधी गोडीने बोला. राज्याची प्लास्टिकबंदी २३ मार्च २०१८ ची आहे, दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि ३ महिने कैद. स्ट्रॉ, काटे-चमचे, कप, थर्माकोलची सजावट यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पण वडापाव विकणाऱ्या मावशींवर दंड लादून पिशव्या बनवणारा मोकळा राहतो. माझ्या मते तक्रार नेहमी घाऊक विक्रेत्याची करावी. बाटल्यांसाठी संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे (गाव आणि वनखातं यांची मिळून असलेली समिती) अनामतीचा ठराव मांडा: वर जाताना बाटली मोजायची, पैसे ठेवायचे, उतरताना बाटली दाखवून परत घ्यायचे.

उत्तर आलं नाही तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये, १५० शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, उत्तराला ३० दिवस. ‘का’ विचारू नका, कागद मागा. त्याहून चांगलं म्हणजे नस्तीचं, म्हणजे कचेरीतल्या फाइलचं, प्रत्यक्ष अवलोकन मागा. कोणत्या कागदाची प्रत घ्यायची, ते नस्ती पाहिल्यावरच कळतं.

पर्यावरण किंवा वन मंजुरीला आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. इतर वादांना ६ महिने. भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. वनहक्काचा वाद मात्र तिथे चालत नाही, तो उपविभागीय समितीकडे न्यायचा.

आणि मंजुरी मिळालीच, तरी नस्ती बंद करू नका. पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या, याचा अहवाल प्रकल्पवाल्याला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागून घ्या, त्यात लावल्याचं लिहिलेली झाडं जागेवर जाऊन मोजा, आणि जी नाहीत त्यांचे फोटो अक्षांश-रेखांशासह प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या कार्यालयाला पाठवा.