एम ७७: सक्रिय गाभ्याची दीर्घिका साध्या दुर्बिणीतून कशी शोधावी

तिमिंगल तारकासमूहातील एम ७७ ही दंडसर्पिल दीर्घिका आपल्यापासून सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. एवढ्या दूरची वस्तू पाहण्यासाठी आपोआप रोख धरणारी महागडी दुर्बीणच हवी असा समज असतो. प्रत्यक्षात १५० मिलिमीटर व्यासाची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर बसवलेली, हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण), सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि अंधारे आकाश एवढ्यावर काम भागते.

ही दीर्घिका जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच असल्यामुळे पुण्याहून पाहताना ती क्षितिजापासून सुमारे ७१ अंश उंच चढते. ही वेळ डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेनऊच्या आणि जानेवारीच्या मध्याला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास येते. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी, शहरापासून दूर जावे आणि डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्यावी. या काळात मोबाइल उघडू नये. घड्याळ पाहण्यापुरती तांबड्या कागदाने झाकलेली विजेरी पुरते.

प्रथम कृत्तिकेच्या खाली, किंचित नैर्ऋत्येकडे, मेनकार हा अडीच प्रतीचा तारा शोधावा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). त्याच्या पश्चिमेला पाच अंशांवर गॅमा सेटी आहे आणि तिथून तीन अंश दक्षिणेला, जरा पश्चिमेकडे, चौथ्या प्रतीचा डेल्टा सेटी आहे. आता २५ मिलिमीटरची, किमान एक अंशाचे क्षेत्र दाखवणारी नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावून डेल्टा सेटी अगदी मधोमध आणावा, वेळ टिपावी आणि दुर्बिणीवरून हात काढून घ्यावा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे पश्चिमेकडे सरकत जातात आणि बरोबर ३ मिनिटे १२ सेकंदांनी एम ७७ मध्याच्या दक्षिणेला, एक तृतीयांश अंशावर येते. दक्षिण कोणती हे कळत नसेल, तर नंतर नळी किंचित दक्षिणेकडे ढकलावी; ज्या बाजूने नवे तारे आत येतील ती दक्षिण. नकाशा डोळ्यांसमोर धरून चाचपडण्यापेक्षा मला ही रीत कितीतरी भरवशाची वाटते.

दीर्घिका सापडल्यावर १० मिलिमीटरची नेत्रिका लावावी. मध्यभागी जवळजवळ ताऱ्यासारखा टोकदार, तेजस्वी गाभा दिसतो. त्याच्याभोवतीचे धूसर वलय मात्र थेट न पाहता नजर थोडी बाजूला ठेवली की उमलते. शेजारीच एक मंद तारा आहे, तो आपल्याच आकाशगंगेतला आहे. १७८० मध्ये पिएर मेशाँ याने ही वस्तू शोधली, तेव्हा धूसर वस्तूंची ‘एम’ यादी करणाऱ्या मेसिए याने ती तेजोमेघासह ताऱ्यांचा गुच्छ म्हणून नोंदवली होती.

तो गाभा नीट, वेळ घेऊन पाहावा. कार्ल सीफर्ट याने १९४३ मध्ये ज्या दीर्घिकांच्या गाभ्यांतील रुंद उत्सर्जन रेषांचा (तप्त वायूच्या वर्णपटात दिसणाऱ्या तेजस्वी रेषांचा) अभ्यास केला, त्यांत ही होती. मध्यभागी सूर्याच्या सुमारे दीड कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, पण ते आणि त्याभोवतीची तप्त तबकडी दाट धुळीने आपल्यापासून झाकलेली आहे. आपल्याला दिसतो तो भोवतालच्या ताऱ्यांचा, पेटलेल्या वायूचा आणि धुळीबाहेर विखुरलेला थोडा प्रकाश. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी हाच विखुरलेला, ध्रुवीभूत (मुख्यतः एकाच दिशेने कंप पावणारा) प्रकाश वेगळा काढून आत दडलेला गाभा ओळखला. २०२२ मध्ये अंटार्क्टिकातील आइसक्यूब वेधशाळेने याच दीर्घिकेकडून आलेल्या सुमारे ७९ न्यूट्रिनोंचा, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा, पुरावा मांडला. धुळीला न जुमानता ते कण थेट बाहेर पडतात.

मधला दंड मात्र या दुर्बिणीत शोधू नये. तो मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त प्रकाशात उठून दिसतो.

शेवटी पुन्हा २५ मिलिमीटरची नेत्रिका लावून अर्धा अंश वायव्येकडे सरकावे. तिथे एनजीसी १०५५ ही कडेने दिसणारी दीर्घिका एका फिकट रेघेसारखी आढळते. तिच्यात तसा टोकदार ठिपका नाही, आणि दोन्ही आळीपाळीने पाहिल्यावर एम ७७ च्या मध्यातले तेज किती वेगळे आहे ते डोळ्यांनाच जाणवते.