वेळ सोडवून आणायचा कसा? नोकरी-घर सांभाळून ख्रिस्ती दिनक्रम

आमच्या गल्लीत सकाळी साडेसातला घंटागाडी येते. तिचं गाणं कानावर आलं की घरात पळापळ सुरू. ओला कचरा इकडे, सुका तिकडे, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. कित्येक वर्षं माझी सकाळची प्रार्थना त्या गाण्यानेच संपायची. तोंडात ‘आमेन’ आणि हातात बादली. एकदा पाळकसाहेबांना म्हटलं, वेळच पुरत नाही हो. ते हसले आणि म्हणाले, “पुरत नाही, की सापडत नाही?”

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, ‘वेळेचा सदुपयोग करा, कारण दिवस वाईट आहेत.’ आपल्या भाषांतरात ‘सदुपयोग’ आहे, पण मूळ ग्रीक शब्द जरा बाजारातला आहे. त्याचा अर्थ किंमत मोजून सोडवून आणणं. ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापापासून सोडवलं, असं गलतीकरांना लिहिताना पौल तोच शब्द वापरतो.

हा अर्थ समजायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात इथे शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या शाळेत शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेच्या मध्यात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा अंत्यविधीचा पाठ याने वाचला आणि झाडावर त्यांचं नाव कोरलं. मग सोबत्यांनी ते शव कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. पुढच्या वर्षी शवपेटीसोबत हा इंग्लंडपर्यंत गेला. या प्रवासात त्याने रोजनिशी ठेवली होती. आपल्यालाही सुरुवात तिथूनच करायची आहे.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

काही बदलायचं नाही, कुठला निश्चय करायचा नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू घ्या आणि झोपण्यापूर्वी दिवस कुठे गेला ते लिहून काढा. प्रवास, काम, स्वयंपाक, चहाची टपरी, टीव्ही, मोबाइल, सगळं. अंदाजे लिहिलं तरी चालेल, फक्त खोटं लिहू नका. ती यादी कुणी वाचणार नाही.

माझ्या यादीत एका मंगळवारच्या रात्रीसमोर ‘मोबाइल, 1 तास 40 मिनिटे’ असं निघालं. एवढ्या वेळात काय पाहिलं ते आठवेना. कांदा चाळीत कसा टिकवावा यावरचा एक व्हिडिओ तेवढा आठवला, आणि माझ्याकडे गुंठाभर शेत नाही.

सात दिवसांनी यादीत एकच जागा शोधा, जिथून वीस मिनिटं सोडवता येतील. दोन शोधू नका. किंमत काय मोजायची तेही तिथेच लिहा. माझी किंमत होती रात्रीचा मोबाइल. तो आता मिक्सरशेजारी स्वयंपाकघरात झोपतो, आणि मी दहालाच.

सकाळ: घड्याळाला नको, कामाला बांधा

‘रोज पाच वाजता उठून प्रार्थना’ हा निश्चय सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्याला टिकत नाही. शिफ्ट बदलते आणि निश्चय मोडतो. त्यापेक्षा प्रार्थना एखाद्या ठरलेल्या कामाच्या पाठीशी बांधा. अंघोळ झाली की, डबा भरला की, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला की लगेच. नाइट करून सकाळी घरी आलेल्याने हातपाय धुतल्यावर बसावं. त्याची सकाळ तीच. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या पासधारकांची जागा ठरलेली असते, गाडी हलली की त्यांनी पुस्तक उघडावं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळा गाव दाराशी जमला होता, हे आपण वाचताना विसरतो. दमलेला माणूसच तिथे गेला होता.

जागा ठरलेली हवी. घर लहान असेल तर खिडकीजवळची खुर्चीही पुरते.

वाचनासाठी मार्कपासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर महिन्याभरात संपतो. ज्यांचं वाचन झालेलं आहे त्यांनी नीतिसूत्रं घ्यावीत, एकतीस अध्याय, तारखेला एक. स्तोत्रं दीडशे, रोज पाच वाचली तर तीस दिवस. फक्त 119 वं स्तोत्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी घाबरू नका, त्यात 176 वचनं आहेत. ते आठवडाभर पुरवा.

भाग दोनदा वाचा, त्यातलं एक वचन चिठ्ठीवर उतरवून खिशात टाका. मग प्रार्थना. क्रम साधा ठेवा: आधी आभार, मग पापकबुली, मग दुसऱ्यांसाठी नावं घेऊन, आणि आपली मागणी शेवटी. आपली मागणी आधी ठेवली की बाकीच्यांची पाळीच येत नाही, हा माझा अनुभव. शब्द सुचत नसतील तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हणा, प्रत्येक ओळीला थांबत.

दिवसभर: नहेम्याची युक्ती

जुन्या करारात राजा आपल्या सेवकाला, नहेम्याला विचारतो, तुला काय हवं? नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि लगेच उत्तर देतो. राजापुढे उभ्याउभ्या केलेली ती प्रार्थना फार तर एका श्वासाची असेल. अशा प्रार्थनांना वेगळा वेळ लागत नाही. द्वारका सर्कलला सिग्नल लागला, दवाखान्यात नंबर यायचा आहे, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत रांग सरकत नाही, तेव्हा समोर जो उभा आहे त्याच्यासाठी एक वाक्य. डोळे मिटायची गरज नाही. गाडी चालवत असाल तर कृपा करून मिटू नका.

पण कामाच्या वेळेत बायबल काढून बसणं म्हणजे भक्ती, असं मला वाटत नाही. मालक आपल्या त्या तासांचे पैसे देतो. मी तपासणी विभागात होतो. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटायची. पावणेतीनला शेवटचा लॉट यायचा. पंचवीस पीस, प्रत्येकाचा व्यास मायक्रोमीटरने घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचा. गेटवर बस उभी, लोक हात धुवायला लागलेले. पाच पीस मोजायचे आणि बाकी वीस रीडिंग त्यांच्याच आसपासची भरायची, हे सगळ्यांनाच येतं. मलाही यायचं, आणि मी ते केलेलंही आहे. कलस्सैकरांना पौल लिहितो की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ही ओळ मला देवळातल्या बाकापेक्षा त्या पावणेतीनच्या लॉटजवळ जास्त बोचायची. ज्या दिवशी पंचविसावा पीसही मोजला, त्या दिवशी कधी बस चुकली, पण घरी येऊन प्रार्थनेला बसताना मान खाली घालावी लागली नाही.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना

दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. जेवणाआधी करा, जेवणानंतर पोरं पेंगतात आणि मोठेही. भजन सर्वांत लहान मुलाने निवडायचं, मग ते सलग चार दिवस एकच असलं तरी गायचं. चार-पाच वचनं एकाने वाचायची, पाळी लावून. प्रवचन द्यायचं नाही.

आणि एक पथ्य कडक पाळा: प्रार्थनेतून रागवायचं नाही. “प्रभू, आमच्या बाळाला अभ्यासाची सद्‌बुद्धी दे” हे वाक्य देवासाठी नसतं, हे पोरांना पहिलीतच कळतं. आमच्या धाकट्याने एकदा त्यावर उत्तर दिलं, “आणि प्रभू, पप्पांना हळू आवाजात बोलायला शिकव.” सगळे आमेन म्हणाले.

छाटणी

एवढं बसवलं तरी दिवस भरगच्चच राहतो, कारण आपण काढत काहीच नाही. दिंडोरीकडच्या बागाईतदाराला विचारा. तो वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. नंतर घड लागले की त्यातले चांगले दिसणारे घडही विरळतो. सगळे ठेवले तर मणी फुगत नाहीत आणि साखर उतरत नाही. योहानाच्या पंधराव्या अध्यायात पित्याच्या हातात जी कात्री आहे, ती फळ देणाऱ्या फाट्यावरही चालते.

वाईट सवयी सोडाव्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. अवघड जातं ते चांगल्यातलं कमी करणं. मी एकेकाळी मंडळीच्या तीन कमिट्यांवर होतो. एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या काकांना दवाखान्यात भेटायला जायचं ठरलं होतं. त्याच वेळी नाताळच्या तयारीची मीटिंग लागली. मांडव पांढरा की निळा, खुर्च्या कुणाकडून, यावर अडीच तास गेले. काका बरे होऊन घरी आल्यावर मी भेटायला गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, “मग, मांडव कोणता ठरला?”

मी दोन कमिट्या सोडल्या. काहींना राग आला. कामं मात्र अडली नाहीत, उलट तरुण संघातली दोन पोरं पुढे आली. तुम्ही वर्षातून दोनदा, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या) सुरुवातीला आणि आगमनकाळाआधी (नाताळपूर्वीच्या आठवड्यांआधी), आपली जबाबदाऱ्यांची यादी काढा. प्रत्येकीसमोर लिहा: मी नसलो तर कोण करील? ज्यासमोर लगेच नाव सुचतं, ते काम त्या माणसाला देऊन टाका. ज्यासमोर सुचत नाही, म्हणजे आईची औषधं, मुलाचा अभ्यास, एकट्या राहणाऱ्या शेजारणीची चौकशी, ते ठेवा.

रविवारबद्दल थोडंच. शनिवारी रात्रीच कपडे काढून ठेवा, दानाचं पाकीट बायबलमध्ये घाला. गंगापूर रोडची मिसळ उपासनेनंतरही मिळते, रांग थोडी लांब असते एवढंच.

मोडलं तर

मोडणारच. पाहुणे येतील, ताप येईल, कधी नुसता कंटाळा येईल. चुकलेले दिवस भरून काढायला एका रात्री आठ अध्याय वाचू नका. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, रोजचा रोज गोळा करायचा होता, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. आजचा भाग आज वाचा आणि कालचा सोडून द्या.

आणि सुरुवात रविवारी करू नका, रविवारी सगळ्यांनाच जमतं. येत्या मंगळवारी करा. कचऱ्याची बादली सोमवारी रात्रीच दाराशी ठेवा.