मागचं डिफरन्शियल बोलायला लागलं, तर जुनी गाडी कशी चालवावी

रावेर-यावलची केळी असो की चोपड्याकडचा कापूस, आपल्या खान्देशात कितीतरी माल अजून जुन्या जीप आणि पिकअपवरच निघतो. माझ्या जीपचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी, घुंईऽ करायला लागलं, तेव्हा चाळीसगावच्या एका मिस्त्रीनं गावाबाहेर चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी बोलस भो, आयकी ले." तेव्हापासून मी आधी ऐकतो, मग पान्याला हात लावतो.

१. आवाज ओळखा. काचा खाली करा, टेप बंद करा आणि सरळ रस्त्यावर ताशी ३० ते ५० ने चालवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घुंई वाढते आणि पाय उचलताच सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी, झिजलंय. पाय दाबा की सोडा, घरघर तशीच राहते आणि फक्त वेगाबरोबर वाढते, तर संशय बेअरिंगवर. फक्त वळणावर खडखडतं, तर आतले छोटे स्पायडर गिअर, जे वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतात. क्लच सोडताना 'टक्' होत असेल तर लगेच डिफरन्शियलला दोष देऊ नका. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा दांडा, हातानं हलवून बघा. त्याच्या सांध्यातला क्रॉस ढिला निघाला तर थोडक्यात सुटलात.

२. डिफरन्शियलचं ऑइल बघा. आधी वरचा, भरायचा नट खोला. तो जाम असताना खालचा काढलात, तर ऑइल सगळं बाहेर आणि भरायला वाट नाही. ऑइल त्या भोकाच्या काठापर्यंत हवं. चुंबकाच्या नटावर मऊ राखाडी लगदा असला तर घाबरू नका; दाताचा तुकडा किंवा खपली निघाली, तर गाडी तिथंच थांबवा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तापलेलं हाउसिंग (डिफरन्शियलची बाहेरची पेटी) नाल्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी ओढलं जातं. गाडीच्या पुस्तकात असेल तोच ग्रेड भरा, बहुतेक जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ऑइल ओघळलेलं दिसलं, तर ते ब्रेकच्या लायनरवरही गेलेलं असू शकतं. अशी गाडी हलवूच नका.

३. फक्त गॅरेजपर्यंत चालवा. गाडी रिकामी हवी. ताशी ४० च्या आत, क्लच हळू सोडत, पायाला झटका न देता. दहा-पंधरा किलोमीटरनं थांबून हाउसिंगजवळ हात न्या. आच लागत असेल तर निवू द्या. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा पहाटेच निघा. काळ्या मातीत अडकलात तर रेस करू नका. एक चाक थांबलेलं आणि दुसरं गरगर फिरतंय, तेव्हा सगळा मार त्या स्पायडर गिअरवर पडतो. शेतातून ट्रॅक्टर बोलवा.

४. घाट टाळा. कन्नडहून चाळीसगावकडे उतरायचं असो की कोंडाईबारी, अशा गाडीनं नाहीच. गिअरमध्ये उतरलात तर इंजिनाचा रोध त्याच थकलेल्या दातांवर येतो. न्यूट्रलमध्ये उतरलात तर ब्रेक तापून निकामी होतात. पिनियन जाम झालं तर मागची चाकं अडकून घसरतात, आणि क्लच दाबून ती सुटत नाहीत, कारण अडकलेला भाग क्लच आणि चाकांच्या मधे आहे. चढावर एक्सल तुटला तर गाडी गिअरमध्ये असूनही मागं येते. भाडं बुडालं तर बुडू द्या. मागं बसलेली माणसं आपल्या भरवशावर असतात.

५. ओढून न्यायची असेल तर मागची चाकं उचलून न्या, नाहीतर गाडीच ट्रकवर चढवा.

६. कामाला टाकताना क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदला; ते एकमेकांवर घासून बसवलेले असतात, जुन्याला नवं जुळत नाही. भंगारातला जोड घेणार असाल तर दोन्हींचे दात मोजून, आपल्या जुन्या जोडीइतकेच आहेत ना ते बघून घ्या. नुसता पिनियनचा नट आवळून आवाज घालवतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नट जास्त कसला की बेअरिंग जळतं. ऑइलमध्ये लाकडाचा भुसा टाकून आवाज दाबायची युक्तीही जुनी आहे, म्हणून जुनी गाडी विकत घेताना त्या भोकात बोट घालून ऑइल चोळून बघा. नवी जोडी बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर भार न लादता चालवा, मग ऑइल एकदा बदलून घ्या.